हिरव्यावर पाय

अनसिंग,
१६ फेब्रुवारी २०२५

अजितशेठ यांस इंद्रभानचा कोरडा नमस्कार. आमची बोअर आटल्यापासून घरात सगळंच कोरडं आहे, नमस्कार तरी ओला कुठून आणू?

आधी माझी तक्रार ऐक, तुझ्या पत्राचं उत्तर मागून. माझ्या अंगणात, माझ्या हातानं लावलेली ऑफिस टाईमची फुलं सकाळी दहाच्या सुमाराला उमलतात. मी साडेनऊला शाळेत जायला निघतो तेव्हा त्यांच्या कळ्या मागच्या बाकावरच्या पोरांच्या डोळ्यांसारख्या गच्च मिटलेल्या असतात. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्यांचं दुकान बंद झालेलं असतं. आठवड्याचे सहा दिवस ती कोणासाठी फुलतात? रुख्मिणीसाठी, शेजारच्या शेळीसाठी आणि दारावर येणाऱ्या विमा एजंटासाठी. शाळेचा हेडक्लार्क म्हणून दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा तपासण्यात माझं आयुष्य गेलं, आणि माझ्याच घरचे हे कर्मचारी मी नसतानाच कामावर हजर होतात. दाद कुठे मागायची? बायकोकडे मागितली तर ती म्हणते, "तुमचं तोंड पाहूनच मिटत असतीन बिचारे."

असो. तू पत्र लिहितोस ते बरं करतोस. कानात मशीन बसवल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे मी तब्येत विचारायची, मशीननं शिट्टी मारायची आणि तू तुरीचा भाव सांगायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर तू फक्त सुप्रभात पाठवतोस, तेही दुपारी.

तर तुझी हिरवळ. पियूषनं दिवाळीत पुण्याहून येऊन तुझ्या दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, काळची फरशी उखडली, अंगणात विलायती गवत अंथरलं, भिंतीच्या कडेनं चालायला मुरुमाचा एक पट्टा सोडला आणि तो पुण्याला निघून गेला. तुझ्या अंगणातल्या बोअरला पाणी लागलंच नाही, म्हणून आता त्या गवताला टँकर लागतो. बाई व्हरांड्यात बसून त्या पाईपाकडे पाहत राहते आणि जेवत नाही, असं तू लिहिलंस. जेवेल कशी? जी बाई पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळते, गाळून उरलेला थेंब पुन्हा विहिरीत सोडायला लावते, कारण त्यातही जीव आहेत, तिच्या डोळ्यांसमोर तू गवताला टँकर पाजतोस. तुझा मुलगा इंजिनिअर आहे, त्याला माफ आहे. तू तिच्या पोटचा आहेस.

माझं ऐक. गवत मरू दे. सोबतच्या खोक्यात ऑफिस टाईमच्या काड्या पाठवतो आहे, लाल, पिवळ्या, राणी रंगाच्या. पानं सुईसारखी, पण रसानं टम्म भरलेली. आपलं पाणी आपल्याच अंगात ठेवून असतात. मुरुमात बोटभर खोचायच्या. पाणी नको, खत नको, लाड नकोत. उन्हात जमिनीलगत पसरतात. मरतच नाहीत. ह्या जिल्ह्यात सरकारी नोकर सोडला तर एवढा चिवट प्राणी मी दुसरा पाहिला नाही.

बाईला माझा नमस्कार सांग. तुमच्या घरात आईला बाई म्हणतात, म्हणून शिरपूरच्या शाळेत तुझ्या बाकावर बसलो तेव्हापासून मीही बाईच म्हणतो. आणि हो, तिचा डबा. पापड घालून दिलेला तो पितळी झाकणाचा डबा अजून आमच्याकडेच आहे. विसरलो नाही.

तुझा,
इंद्रभान

*

शिरपूर जैन,
२३ मार्च

इंद्रभान, जय जिनेंद्र.

काड्या पोचल्या. दुकानातून आल्यावर रोज संध्याकाळी थोड्या थोड्या मीच खोचल्या. वाकवत नाही आता. खोचता खोचता वाटलं, ह्या वयात माणसानं असं काही लावावं की ज्याच्याकडे पुन्हा पाहावं लागणार नाही. तू बरोबर तेच पाठवलंस.

लागल्या. सगळ्या लागल्या. खोचताना तुटून पडलेले तुकडे मी तसेच टाकले होते, तेही लागले. टँकर बंद केला. बाई त्या दिवशी दोन्ही वेळ जेवली. व्हरांड्यात बसून फुलं पाहते. म्हणाली, "इंद्रभाननं कामाची चीज पाठोली. बिना पाण्याचं झाड म्हंजे साधूच हाय."

मला वाटतं तिनं पहिल्यांदाच तुझं नाव घेऊन साधू हा शब्द वापरला. जपून ठेव.

डब्याचं तिनं काही विचारलं नाही. फक्त मांडणीवरची भांडी पुसताना म्हणाली, "येथं काहीतरी राहात होतं." मी दुकानात निघून गेलो.

घरात आम्ही दोघंच. वासंती गेल्यापासून स्वयंपाकाला बाई लावली आहे, पण पाणी गाळायचं काम आई कोणाला देत नाही. पियूष दर रविवारी फोन करतो आणि तोच प्रश्न विचारतो, पप्पा, दुकान कधी बंद करता? मी म्हणतो, आवाज येत नाही. ह्या मशीनचा तेवढाच उपयोग.

अजित

*

अनसिंग,
२७ एप्रिल

साधूचा आशीर्वाद.

ऊन असं आहे की आमच्या शाळेचा पंखासुद्धा रजेचा अर्ज देईल. मी अर्ज घेत नाही म्हणून फिरतो आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली. लोक विचारतात, मग काय करणार? मी म्हणतो, दहा वाजता घरी असणार. त्यांना त्यातलं सुख कळत नाही.

डब्याचं खरं दुखणं तुला सांगतो. तो मला परत करायचा नाही असं नाही, रिकामा परत करता येत नाही. रुख्मिणी म्हणते, आलेला डबा रिकामा पाठवणाऱ्याच्या घरी ती राहणार नाही. मी जागेची अडचण सांगितली, तरी मत बदललं नाही. मग भरायचा कशानं? आमच्या चुलीवरचं बाईला चालत नाही. चिवडा म्हटला तर त्यात लसूण. लाडू म्हटले तर पाणी कुठलं, गाळलं का, किती वाजता केले. कोरडी तूर घालावी म्हटलं, तर धान्याच्या व्यापाऱ्याच्या आईला तूर भेट देणं म्हणजे पोस्टमनला पत्र टाकणं. असा एक डबा आमच्या फडताळात वर्षभर बसला आहे आणि येताजाता माझ्याकडे पाहतो आहे.

झाडांचं म्हणशील तर आता काही करू नकोस. फार पसरली तर पसरू दे. पायाखाली मोडली तरी मोडलेल्या तुकड्याचं नवं झाड होतं. ह्यांना मारायचं ठरवलं तरी माणूस थकेल.

वहिनी गेल्यावर तू घरात फुलं लावलीस, हे तुला सांगायचं राहिलं होतं. चांगलं केलंस. पुढचं लिहीत नाही, तू पुन्हा दुकानात निघून जाशील.

इंद्रभान

*

शिरपूर जैन,
१ जून

इंद्रभान,

आज लांब लिहितो. कोणाशी बोलावं असा माणूस इथे उरला नाही.

तुझ्या झाडांनी अंगण भरलं. गवताची जागा भरली, मुरुमाचा पट्टा भरला, व्हरांड्याच्या पायरीला टेकली. मंदिराला आलेले परगावचे यात्रेकरू फाटकाशी उभे राहून फोटो काढतात. दहा वाजता पाहशील तर अंगणात कोणी सतरंजी वाळत घातली असं वाटतं.

पण बाईचं काहीतरी बिघडलं आहे.

तुला तिचा नियम माहीत आहे. दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हापासून पहाटे उठून समोरच्या फाटकानं निघायची, सात वाजायच्या आत परत यायची आणि मग पाणी. माझ्या चहाच्या वेळी तिची काठी पायरीवर वाजायची. महिना झाला, ती काठी मी ऐकली नाही. आधी वाटलं, कानाचाच दोष. मग स्वयंपाकाच्या बाईनं सांगितलं, आजी अकराशिवाय पाणी घेत नाहीत. अकरा, इंद्रभान. ह्या उन्हात.

व्हरांड्यात बसणं सोडलं. समोरच्या खोलीतसुद्धा येत नाही. विचारलं तर म्हणते, काही नाही. साडीचा काठ चिखलानं भरलेला असतो. चिखल कुठला म्हटलं तर म्हणते, धुवून टाकते. डॉक्टरला दाखवलं. त्यांनी पाणी जास्त पाजा म्हणून लिहून दिलं.

पियूष म्हणतो, हे विसरण्याचं दुखणं आहे, असंच सुरू होतं, वेळा चुकतात, जागा चुकतात. चौमासा लागायच्या आत तिला पुण्याला न्यायचं त्यानं ठरवलं आहे. पाच जुलैला गाडी घेऊन येतो. त्याची बायको कृतिका चांगली आहे, खोली रिकामी केली आहे तिनं. मी बाईला सांगितलं. ती म्हणाली, "जशी तुझी मर्जी." एवढंच. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मला वाटतं, दादांची फरशी काढली त्याचा राग आहे. तिच्या सासऱ्यांनी बसवलेली होती ती. म्हणून ती अंगणाचं तोंडही पाहत नाही. फरशी मी विकून टाकली. आता परत कुठून आणू?

मीही दुकान बंद करून जाईन म्हणतो. थकलो.

अजित

*

अनसिंग,
८ जून

अजित,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला.

बाईला विसरण्याचं दुखणं? गेल्या वर्षी मी आलो तेव्हा तिनं मला आठवीत नापास झालेले विषय क्रमानं सांगितले. जिला दुसऱ्याचं इतकं आठवतं ती स्वतःचं मंदिर विसरेल? आणि फरशीचा राग म्हणतोस, तर फरशी दिवाळीत गेली. राग यायला तिला उन्हाळा लागला का? राग करणारी बाई अशी हप्त्यानं राग करत नाही.

मला विचारशील तर ती तुझ्यावर पुण्याच्या बेतासाठीच रुसली आहे. तू सांगायच्या आधीच तिच्या कानावर गेलं असणार. तिच्या कानाला मशीन लागत नाही. पण हा माझा अंदाज. माझे अंदाज मुख्याध्यापकसुद्धा ऐकत नाहीत.

रविवारी येतो. वाशिमला गाडी बदलून दहा-साडेदहापर्यंत पोचतो. बाईला सांगू नकोस. सांगितलंस तर ती माझ्यासाठी साखर पेरायला बसेल आणि मला खरं काही दिसणार नाही.

इंद्रभान

*

शिरपूर जैन,
१७ जून

इंद्रभान,

रविवारी तू येणार हे लक्षात होतं, पण सकाळीच मालाची गाडी आपल्या तालुक्याच्या मालेगावजवळ बंद पडली आणि गोदामाच्या किल्ल्या हमालाकडे देऊन मला जावं लागलं. दुपारी आलो तोवर तू गेलेला.

बाई एवढंच म्हणाली, "इंद्रभान आलता. पाणी न घेता गेला." आणि तोंड फिरवून बसली. मला ते आवडलं नाही. आमच्या घरून पाणी न घेता माणूस जातो, ते भांडण झाल्यावर. तू तिला काय बोललास? तुझी जीभ मला माहीत आहे. माझ्याशी वापर, तिच्याशी नको.

पियूषनं गाडीत मागे गादी टाकायचं ठरवलं आहे. तिच्या सामानाची एक पेटी बांधून झाली. पेटीत तिनं कपडे कमी आणि पाणी गाळायची फडकीच जास्त भरली आहेत. जुनी, विरलेली. नवी आणतो म्हटलं तर नको म्हणते.

जे झालं ते लिही.

अजित

*

अनसिंग,
१९ जून

अजित,

जे झालं ते लिहितो. शेवटपर्यंत वाच आणि मध्येच उठून अंगणात जाऊ नकोस. हे सांगतो आहे त्याला कारण आहे.

साडेदहाला तुझ्या फाटकाशी आलो. फुलं दुकान उघडून बसलेली. माझ्या अंगणापेक्षा तुझ्याकडे चौपट. मी जरा वेळ जळत उभा राहिलो. घरात हाक मारली, कोणी नाही. मग मागून दौलतसिंग हमालाचा आवाज आला, "आजी, सांभाळून, पोतं सरकलं हाय." म्हणून बाहेरून वळसा घालून मागच्या बोळात गेलो.

घराच्या पाठीला लागलेल्या तुझ्या गोदामाचं मागचं दार उघडं होतं. त्यातून बाई बाहेर येत होती. अनवाणी. एका हातात अक्षतांची डबी, दुसरा हात भिंतीला. समोर मारोतरावच्या म्हशींचा गोठा आणि त्याचं सगळं वाहून येणारं पाणी. साडी वर धरून ती त्यातून एकेक पाऊल टाकत होती. मला पाहून अशी दचकली की जणू तीच गोदामातून काही चोरून नेत होती.

म्हटलं, "बाई, इकडून कुठी?"

"मंदिरात."

"अन् समोरचं फाटक काय अजितनं गहाण टाकलं का?"

"तसंच समज," म्हणाली. "दर्शन होऊ दे, मंग बोल."

तिचा हात धरून मंदिरापर्यंत गेलो, बाहेर बसलो, परत आणलं, त्याच वाटेनं. गोदामात ती तुरीच्या पोत्यावर टेकली. तिथेच कोपऱ्यात तिनं गाळलेल्या पाण्याचा लोटा झाकून ठेवला होता. तोंड कोरडं पडलेलं, ओठाला भेगा. तरी पहिला पेला भरून माझ्यासमोर धरला.

"घे. उन्हातून आला."

"आधी सांगा, समोरून काहून नाही जात?"

"पाणी घे आधी."

"सांगाल तवा घेईन."

ती हसली. दात नसलेलं ते हसू तुला माहीत आहे. म्हणाली, "हिरवं हाय ना बेटा. हिरव्यावर पाय कसा देऊ?"

अजित, मी गाढव आहे. तू थोडा मोठा आहेस, पण मीही आहे. एवढे दिवस आपण दोघं दुखणं शोधतो आहोत, राग शोधतो आहोत, आणि ती बाई आयुष्यात कधी गवताच्या काडीवर पाय न देता चालली. मुरुमाचा पट्टा होता तोवर ती पट्ट्यानं जात होती. माझ्या झाडांनी पट्टा खाल्ला आणि तिचा रस्ता संपला.

म्हटलं, "मंग सांगाचं ना अजितले!"

"सांगतलं तर तो सकाळीच मजूर लावून उपटून फेकीन. एवढे जीव, माझ्या पायासाठी? अन् हे झाड कसं, तुकडा पडला तरी जीव धरते. ज्याच्या तुकड्या-तुकड्यात जीव, त्याची गणती तरी कोणी करावी? अनंतकाय म्हंतो आमी." मग जरा थांबून, "अन् तू हौसेनं देल्लं. हौसेनं देल्लेल्या चिजेले कोणी नावं ठेवते का?"

"पण पहाटे काहून नाही जात? पाण्यावाचून अकरा वाजवता!"

"गोदामाचं कुलूप दहाले उघडते. किल्ली अजितपाशी. मागतली तर विचारीन, कायले पाह्यजे."

तर असं आहे. दहाला तुझ्या अंगणात फुलं उघडतात आणि दहाला तिचं कुलूप. तोवर ती देवघरात बसून राहते, थुंकी गिळत. दौलतसिंगला तिनं गप्प बसवलं आहे. तू रोज सकाळी चपला घालून त्या झाडांवरून दुकानात जातोस तेव्हा ती डोळे मिटून घेते. म्हणून ती समोरच्या खोलीत येत नाही. रुसवा नाही, राग नाही. तिला ते पाहवत नाही.

मी पुण्याचं विचारलं. "जाचं हाय का तुमाले?"

म्हणाली, "तिकडे वरच्या मजल्यावर हिरवं नाही, पाय द्याले भेव नाही. पण मंदिर कुठी हाय कोणाले मालूम. येथं मी डोळे मिटून जाते."

"मंग नाही म्हना ना."

"अजित थकला रे. त्याच्याकडं पाह्यलं की नाही म्हनाचंच राहून जाते."

पेला समोर होता. म्हटलं, "बाई, तुमी समोरच्या फाटकानं याल तवाच मी तुमच्या हातचं पाणी घेईन." आणि उठलो. तिला वाईट वाटलं हे मला दिसलं. पण नियम काय एकट्या तुमच्याच घरात असतात?

तिनं मला सांगितलं होतं, अजितले सांगू नको. मी मान हलवली. मान हलवणं ही माझी तीस वर्षांची नोकरी आहे, तिला कोणी शपथ समजत नाही.

आता माझं मागणं. उपटू नकोस. एक काडीसुद्धा नाही. तिला दिसेल, आणि मग ती त्या रिकाम्या जागेवरूनही चालणार नाही. फरशी टाकायची तर खाली झाडं दबतील, तेही तिला चालायचं नाही. बाकी काय करायचं ते मला सुचत नाही. बसमध्ये सबंध रस्ताभर विचार केला आणि अनसिंगचा स्टॉप मागे टाकून पुढे गेलो. उन्हातून चालत आलो.

इंद्रभान

*

शिरपूर जैन,
२९ जून

इंद्रभान,

तू सांगूनही मी मध्येच उठलो. तुझं पत्र दुकानात वाचलं, शटर अर्धं ओढलं आणि खुरपं घेऊन अंगणात गेलो. पायरीवर बसलो. चप्पल काढली. त्या चपलेला खाली एक काडी चिकटलेली होती, तिलाही कळी होती. खुरपं तसंच ठेवलं.

खिडकीत बाई उभी होती. मला वाटतं, माझ्या हातातलं खुरपं पाहून तिला कळलं की मला कळलं.

दोन दिवस मी काही केलं नाही, फक्त गोदामाचं कुलूप पहाटे उघडायला लागलो. किल्ली तिच्या उशाशी ठेवली तर म्हणाली, "इंद्रभानच्या पोटात गोष्ट राहात नाही." एवढंच.

तिसऱ्या दिवशी सोयाबीनचा ट्रक भरायचा होता. दौलतसिंगनं फळी लावली. तुला ती फळी आठवते, आपण लहानपणी तिच्यावरून ट्रकमध्ये पळायचो आणि दादा ओरडायचे. सागाची, लांबलचक, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतलेले हमाल तिच्यावरून जातात तरी लवत नाही. मी गल्ल्यावर बसून पाहत होतो. एक हमाल गोदामाच्या उंबऱ्यावरून ट्रकमध्ये गेला. मध्ये गटार होती. त्याचा पाय गटारीला लागला नाही.

मी गल्ला उघडाच टाकून उठलो.

अंगणाच्या मधोमध त्या कोरड्या बोअरचा सिमेंटचा ओटा आहे. त्याच्यावर काही उगवत नाही. एक फळी व्हरांड्यापासून ओट्यापर्यंत, दुसरी ओट्यापासून फाटकाच्या उंबऱ्यापर्यंत. दोन-दोन फळ्या जोडून बांधल्या, म्हणजे रुंदी मिळाली. एका बाजूनं हाताला बांबू, त्याची टोकं ओट्याला, व्हरांड्याच्या खांबाला आणि फाटकाला बांधली. जमिनीत काही रोवलं नाही. खाली तुझी झाडं तशीच. फळीनं त्यांना शिवलंसुद्धा नाही. त्या बोअरसाठी मी पाण्यासारखा पैसा घातला होता, पाणी मात्र लागलं नाही. आज त्याचा उपयोग झाला.

संध्याकाळी बाईला बाहेर बोलावलं. ती आली, पाहिलं, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय?"

म्हटलं, "तुमचा रस्ता."

"मी काय सोयाबीनचं पोतं हाय का?"

हमाल हसले. मीही हसलो. किती दिवसांनी ते आठवत नाही. बाई हसली नाही. तिनं काठीनं फळी ठोकून पाहिली, पायाच्या अंगठ्यानं दाबून पाहिली, वाकून खाली पाहिलं, झाडं दबली का. मग म्हणाली, "सकाळी पाहू," आणि आत गेली. मला वाटलं, नापास.

सकाळी मी अंथरुणात होतो. मशीन काढून ठेवलेलं असतं, ऐकू येत नाही. पण फळीवर काठी पडली की व्हरांडा हलतो, व्हरांडा हलला की माझी खाट. मला ती खाटेतून कळली. ठक. ठक. मी उठलो नाही. उठलो असतो तर ती लाजली असती.

सात वाजायच्या आत तिनं पाणी घेतलं.

पियूषला फोन केला, येऊ नको म्हटलं. तो म्हणाला, तिकडे सगळी तयारी झाली आहे, मी येतोच. येऊ दे. मी आता भांडायला तयार आहे. बघू.

अजित

*

शिरपूर जैन,
६ जुलै

इंद्रभान,

थोडक्यात लिहितो, दुकानात गर्दी आहे.

पियूष काल आला. फाटकाशी गाडी लावून त्या फळीकडे पाहत राहिला. "पप्पा, हे काय, सर्कस?" तेवढ्यात बाई दर्शनाहून परत आली. त्याच्या शेजारून फळीवर चढली, बांबूला हात न लावता ओट्यापर्यंत गेली, तिथे थांबून मागे वळली आणि म्हणाली, "ये ना. का तुले गाडीनंच येनं होते?"

तो आला. बूट हातात घेऊन आला, बांबू धरून आला. दुपारी जेवताना पुण्याचा विषय त्यानं काढला, बाई म्हणाली, दिवाळी झाल्यावर, चौमासा संपला की येईन, राहायला नाही, पाहायला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आवाज नीट येतो आहे मला, ती म्हणते तसंच.

गाडीतली गादी तशीच परत गेली. पेटी मात्र तिनं अजून सोडली नाही. माणसाचा भरवसा लवकर बसत नाही.

मी थकलो आहे, पण वेगळा. तू ये.

अजित

*

अनसिंग,
१३ जुलै

अजित,

आज येऊन गेलो, तुला भेटलो नाही. तू मशीन काढून दुपारचा घोरत होतास. उठवायला तोफ लागली असती आणि ती मी आणली नव्हती. म्हणून लिहितो आहे.

रविवार असल्यामुळे घरून निघायच्या आधी माझी फुलं मी पाहणार होतो. ढग होते. ढग असले की ती उमलतच नाहीत. म्हणजे निवृत्तीनंतर पावसाळाभर मी घरी बसून मिटलेल्या कळ्याच पाहणार. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्याकडचीही मिटलेली होती, आणि सखल कोपऱ्यात पाणी साचून थोडी सडायला लागली आहेत. मरत नाहीत म्हणून मी लिहिलं होतं ते मागे घेतो. त्यांना उन्हाळा मारत नाही, लाड मारतात. बाईला ते दिसलं आहे. म्हणाली, "त्याईचं आयुष्य त्याईपाशी." तू पाणी काढायला जाऊ नकोस.

फळीवरून आत आलो. बाईनं मला चपला काढायला लावल्या नाहीत, मीच काढल्या. ती व्हरांड्यात बसली होती, पहिल्या जागेवर. मी टेकलो. ती उठली, आत गेली, पेला भरून आणला आणि समोर धरला. मी घेतला. थंडगार होतं. फडक्याचा एक धागा त्यात तरंगत होता. ती फडकी खरंच विरली आहेत.

रुख्मिणीनं ह्या महिन्यात जाड सुती कापड आणून, दोनदा धुवून, दुहेरी शिवून चार गाळणी केली आहेत. पांढरीशुभ्र, काठाला साधी शिलाई. चुलीचा संबंध नाही, लसणाचा नाही, पाणीसुद्धा नाही. आमच्या घरचं बाईला चालेल असं एवढंच सुचलं, तेही तिलाच. मी वर्षभर लाडवांचा विचार करत होतो.

बाई पेला घेऊन आत वळली तेव्हा मी पिशवीतून ती गाळणी भरलेला डबा काढला आणि मांडणीवर, जिथे काहीतरी राहात होतं असं ती म्हणायची, तिथे ठेवला. पितळी झाकण बाहेरच्या बाजूला केलं. परत येऊन बसलो. ती आली. मांडणीकडे तिचं लक्ष गेलं, ते गेलेलं मी पाहिलं. मग ती पावसाबद्दल बोलायला लागली आणि मीही पावसाबद्दल बोललो.

इंद्रभान